शेपटीतली वीज

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे, आणि तोही बरणीतला. माझं नाव स्केट. कोकणात आमच्या भाऊबंदांना पाकट म्हणतात. तुमच्या मराठवाड्यात समुद्रच नाही, मग नाव तरी कुठून असणार! अंगानं मी थाळीसारखा चपटा, आणि मागं लांब, बारीक शेपटी.

मला रत्नागिरीच्या बंदरावरून नानासाहेब सरांनी आणलं. सर औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांनी मला फॉर्मॅलिनच्या पाण्यात बुडवलं आणि माझी पोटाची बाजू काचेला लावली. तिथं माझं तोंड आणि नाकपुड्या अशा काही बसल्यात की हसरा चेहराच वाटावा. शहागंजातल्या शाळेची पोरं यायची आणि मासा हसतोय म्हणून नाचायची. कौतुक कुणाला नको असतं? मलाही गोड वाटायचं. पण माझी खरी दौलत होती शेपटीत, आणि बरणी आखूड, म्हणून ती बिचारी वर झाकणाला टेकलेली. तिच्याकडं बघतंय कोण!

सर मात्र शेपटीबद्दलच भरभरून बोलायचे. आमच्या पूर्वजांच्या शेपटीत आधी नुसते स्नायू होते. आखडायचं, शेपटी हलवायची, एवढंच त्यांचं काम. मग पिढ्यानपिढ्या जाता जाता त्यातल्या काहींनी ते काम सोडलं आणि वीज करायचं काम धरलं. आजही आमचं पिल्लू अंड्यात वाढताना त्या जागी आधी स्नायूच तयार होतो, आणि मग त्याच्या वीजपेशी बनतात. त्या पेशींची लांबट वात शेपटीच्या दोन्ही अंगांनी जाते. वीज म्हणाल तर अगदी किरकोळ. तिनं दिवा लागायचा नाही. एका स्केटनं दुसऱ्याला हाक मारावी एवढ्यापुरती ती असावी, असं जाणकार म्हणतात.

नानासाहेब सर निवृत्त झाले आणि मुकुंद सर आले. त्यांच्या पुस्तकात विजेच्या माशाचं चित्र होतं, पण ते टॉर्पेडोचं. तो आमचा लांबचा नातलग. त्याची वीज दणकेबाज आणि डोक्याच्या शेजारी. झालं! मुकुंद सरांनी डोक्याशेजारचे माझे दोन्ही पंख चिरून बघितले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! काही सापडलं नाही, तेव्हा ह्याच्यात काही नाही म्हणत त्यांनी मला परत बुडवलं. मला फार अपमान वाटला. तरी शेपटी शाबूत होती, एवढंच समाधान.

मग लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो उन्हाळा आला. आपलं शहर तर पार वाळूज, बजाजनगरापर्यंत पसरलेलं, आणि नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही. कॉलेजात टँकर यायचा. बरण्यांची देखभाल करणाऱ्या सांडूभाऊंनी विभागप्रमुख चारुता मॅडमना विचारलं, "मॅडम, बरण्या आटायल्यात. तांब्या-तांब्या पाणी अन् थोडं औषध टाकू का?"

"सांडूभाऊ, पोरांना प्यायला पाणी नाही. मेलेल्या माशांना कुठून देऊ?"

त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? तहानलेल्या पोरांच्या तोंडचं पाणी मला नकोच होतं. पण टँकर नियमित झाले, तरी बरण्यांची आठवण कुणाला झाली नाही. पाणी उतरत गेलं आणि माझी शेपटी उघडी पडली. ओरडावंसं वाटे, पण मेलेला मासा ओरडणार कसा?

जूनमध्ये बजाजनगरची सायली आली. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिनं माझी शेपटी निवडली होती. स्नायू संपतो आणि वीज सुरू होते, नेमकी ती जागा तिला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची होती. तिच्या वडिलांनी, सुदर्शनरावांनी, जमीन कंपनीसाठी गेल्यावर नांगर सोडून मशीन धरलं होतं. म्हणून जुनं काम सोडून नवं धरायचा हा विषय तिला घरचाच वाटे. विभागात स्केट मी एकटाच, आणि तिकडं समुद्रावर पावसाळ्याची मासेमारी बंदी लागलेली. दुसरा मिळणार कुठून?

सायलीनं झाकण काढलं आणि शेपटीला बोट लावलं. पापडासारखी कडक झाली होती. पात्याखाली तिचा भुगा झाला. बुडाचा दोन बोटं तुकडा तेवढा ओला राहिला होता. त्याचे पातळ काप करून, रंग देऊन तिनं काचेवर घेतले. चारुता मॅडम कितीतरी वेळ डोळा लावून बसल्या.

"सायली, हा नुसता स्नायू आहे."

"वीज पुढच्या भागात होती, मॅडम. वाळलेल्या भागात. तसं लिहू का?"

"जे दिसलं नाही ते होतं म्हणून लिहिता येत नाही, बाळा."

सायलीचे डोळे भरून आले. तिनं खरं तेच लिहिलं, की वीजपेशी आढळल्या नाहीत. त्याच संध्याकाळी मॅडमनी स्वतः उभं राहून माझी बरणी गळ्यापर्यंत भरून घेतली. बैल गेला आणि झोपा केला!

मित्रांनो, सांभाळायचं ते वेळेत सांभाळा. हसऱ्या तोंडाचं कौतुक जरूर करा, पण मागं काय उघडं पडलंय तेही एकदा वाकून बघा. माझ्या शेपटीत खरंच वीज होती. आता तुम्हाला ते माझ्या शब्दावरच खरं मानावं लागेल.