बालपणी वारला

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, चार वर्षांचे असताना दत्तक घेतलं, हे आमच्या घरी कोणी लपवलं नव्हतं. त्याबद्दल बोलत मात्र कोणी नसे. घेणारे आमचे आजोबा, बडोदे सरकारच्या कचेरीत कारकून. देणारे कोण, ते दत्तकपत्रात होतं, पण नेमका तो कोपरा वाळवीने खाल्लेला. मोडी मी पुस्तक समोर धरून शिकले, नंदेसरीच्या कारखान्यातून घरी येताना बसमध्ये. तेव्हा एवढंच लागलं : देणार हरी विठ्ठल, वैशाख शके १८५८. आडनाव आणि गाव वाळवीच्या पोटात.

आईचं नाव कुठेच नव्हतं. अण्णांना तेच खुपायचं.

“बापाचं सोड,” ते एकदा मला म्हणाले होते. “बाप देतात. आईने कसं दिलं, ते मला कळत नाही.” तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते, नातवंडं झाली होती.

म्हणून २०१२ साली अमेरिकेतल्या माझ्या भावाने, नंदूने, ती डीएनएची तपासणी करायचं काढलं, तेव्हा मीच त्याच्या मागे लागले.

“माझी थुंकी पाठवू का?” मी फोनवर विचारलं.

“तुझी नाही चालायची, ताई. बापाकडून मुलाकडे उतरणारा धागा बघतात. तो बायकांत नसतो.”

“अण्णांची औषधं, डॉक्टर, डायपर, हे धागे असतात ना आमच्यात?”

“थुंकायचंय फक्त. भांडू नकोस.”

तीन महिन्यांनी त्या कंपनीच्या यादीत एक जवळचं नाव लागलं. शुभंकर डिंगणकर, टेक्सास. चुलतभावाचा मुलगा शोभेल इतका जवळचा. पोरगा भला. त्याच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९६५ साली छापलेला होता, त्याचं एक पान त्याने नंदूला पाठवलं आणि नंदूने मला. बडोद्यातल्या समा भागातल्या आमच्या घरात मी ते ओट्याशी उभी राहून वाचलं. गवार निवडायची तशीच राहिली.

‘हरी विठ्ठल. पत्नी अहल्या. पुत्र : १) दत्तात्रेय, बालपणी वारला. २) रमाकांत.’

दत्तक गेलेल्या मुलापुढे अशा पुस्तकांत ‘दत्तक गेला’ असं लिहितात. पानोपानी असतं ते, त्यात लाज कसली? मग इथे वारला कसा? मला वाटलं, आपलं घर चुकलं. शुभंकरच्या वडिलांचा, विश्वंभरचा, सांगलीचा नंबर होता. लावला.

विश्वंभर म्हणजे त्या रमाकांतचा मुलगा. बोलका माणूस. “मोठे काका ना? ते देवीने गेले. आजी बाळंतपणाला माहेरी, कोकणात होती. माझे बाबा झाले तेव्हाची गोष्ट. ती परत आली तर सगळं उरकलेलं. आजी सांगायची, त्याच्यासाठी माहेराहून फणस आणला होता, तो दारातच राहिला. पुढे तिने फणस सोडला. घरात वाससुद्धा चालत नसे.”

“तुमच्या बाबांचा जन्म कधीचा?”

“छत्तीस सालचा. चैत्र.”

मी मनाशी मांडलं : शके १८५८ म्हणजे छत्तीस सालच, आणि चैत्रानंतर लगेच वैशाख. “आणि पुस्तकातली माहिती कोणी दिली होती?”

“फॉर्म आजोबांनीच भरलेला. आजी वाचायची ना सगळं, पुस्तक आलं तेव्हा ते पान उघडून बसली होती म्हणे.”

मग मी त्याला दत्तकपत्राची तारीख सांगितली. तो म्हणाला, “ताई, आजी चौऱ्याहत्तर साली गेली हो.” जणू ते आधी सांगायचं राहून गेलं होतं.

अण्णांना सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस काढले. मग एका सकाळी, चहा झाल्यावर, त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. म्हटलं, “अण्णा, तुमचं पहिलं नाव कळलं. दत्तात्रेय.”

“दत्तू,” ते म्हणाले. “दत्तात्रेय कोणी म्हणत नसे.”

शहात्तर वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. आमच्या आईनेही ऐकलं नसावं.

मी सगळं सांगितलं, फणसासकट. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, “तिला कोणी सांगितलंच नाही?”

“नाही.”

“मी तिच्यावर रागावलेलो होतो,” ते म्हणाले. “नंदू झाला तेव्हा तर फार. त्याला मांडीवर घ्यायचो आणि तिचा राग यायचा.” चष्मा काढून त्यांनी तो पंच्याला पुसला, पुन्हा पुसला. “आता तो राग न्यायचा कुठे? बापाला द्यावा तर तेवढी वर्षं नाहीत माझ्याकडे.”

दिवाळीला कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार होती. विश्वंभरने आपणहून फोन केला. “दुरुस्ती करतो, ताई. ‘दत्तक दिला, बडोदे’ असं घालतो. अण्णांना विचारा.”

अण्णांनी फोन माझ्या हातून घेतला. “असं नुसतं नको. लोकांना वाटेल दोघांनी मिळून दिला. ‘आईच्या माघारी दत्तक दिला’ असं लिहा.”

पलीकडे विश्वंभर अडखळला. मला ऐकू येत होतं. “काका, तसं… छापत नाहीत हो. आजोबांचा फोटो आहे त्या पानावर. समितीतली मंडळी सगळी घरचीच. तुम्ही समजून घ्या.”

“समजलं.”

“मग ‘दत्तक दिला’ एवढंच घालू?”

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. शेजारच्या कांचनबेन दोरीवर चादर वाळत घालत होत्या. तिची चारही टोकं सरळ झाल्यावर त्यांनी फोन पुन्हा कानाशी नेला.

“नको,” ते म्हणाले. “तिच्यावर येईल ते. त्यापेक्षा वारलाच राहू दे.”

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, “तिचा एखादा फोटो आहे का, ते विचारायला हवं होतं.”

मी लगेच परत नंबर लावला. लाइन लागत नव्हती; विश्वंभर बहुधा टेक्सासला मुलाशी बोलत असणार. अण्णा खुर्चीतच पुढे सरकून बसले, कान माझ्या फोनकडे करून.

“लाव परत,” म्हणाले.