भिंतीकडची जागा

मावशींच्या पाळणाघरात एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. निजलेल्या पोराला उठवायचं नाही. आईबाप न्यायला आले तरी त्यांनी बाहेर बाकावर बसून राहायचं. पोरं झोपवण्यात मावशींचा हात धरणारं कोणी नव्हतं. जेवणं आटोपली की पश्चिमेच्या खोलीत गाद्या घालायच्या, खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, की बघता बघता सगळी चिडीचूप. बंद खोली भर उन्हाळ्यातही गार राहायची. त्यातही भिंतीकडची जागा सगळ्यात गार, म्हणून ती सगळ्यात धाकट्या लेकरासाठी राखलेली. मावशींना वाटायचं, ही आपल्या जाड पडद्यांची किमया. पडद्यांची कसली डोंबलाची! त्या भिंतीला बाहेरून खेटून चार जुनी झाडं उभी होती, त्यांच्या जिवावर चाललं होतं सगळं.

ती झाडं मागच्या आठवड्यात तोडली. रस्ता रुंद करायचा होता म्हणे. खरं सांगायचं तर मावशींना तेव्हा बरंच वाटलं होतं, कारण पाचोळ्याने गटार तुंबायचं, ती कटकट मिटली. मग खोदकाम सुरू झालं आणि धुळीचे लोट घरात यायला लागले. पोरांना खोकला नको म्हणून त्यांनी खिडक्यांच्या फटींत कागदाच्या घड्या ठासून बसवल्या. इतकी जपणारी बाई शोधून सापडली नसती. नेमकं ते जपणंच अंगाशी आलं.

त्या दुपारी पोरं झोपल्यावर बाहेर खोदणाऱ्यांनी विजेची तार तोडली. पंखे बंद पडले.

"वहिनी, उठवायचं का पोरांना?" स्वयंपाकघरात फळं चिरणाऱ्या नणंदेने विचारलं. ती मावशींच्या जोडीने पाळणाघर सांभाळायची.

"काहीतरीच काय, वन्सं! खोली गारच असते. झोपू देत."

दोघी मागच्या दाराशी वाऱ्याला बसल्या. फळं चिरून झाली, गप्पाही झाल्या. आत कोणी कुरकुरलं नाही की पाणी मागितलं नाही. एरवी अर्ध्या झोपेतून भोकाड पसरून सगळ्यांना जागं करणारा भोपळ्यासुद्धा गप्प होता.

"आज फारच शहाणी झाली आहेत हो सगळी," नणंद कौतुकाने म्हणाली.

मावशी हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. इतकी वर्षं पोरं सांभाळली, पण अशी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्या उठल्या आणि धावतच गेल्या.

दार उघडलं तशी आतून भट्टीची धग तोंडावर आली. पोरं घामाने निथळत, तोंडं उघडी टाकून पडली होती.

"उठा रे! उठा! वन्सं, अहो या लवकर!" मावशी किंचाळल्या. एकेकाला ओढत त्यांनी बाहेर नेलं, नणंदेने तोंडावर पाणी मारलं. भोपळ्याने गळा काढला, मागोमाग बाकीची रडायला लागली. रडा रे बाबांनो, खुशाल रडा, मावशींच्या मनात आलं. त्या पुन्हा आत पळाल्या.

भिंतीकडच्या जागेवर सगळ्यात धाकटी पोर, चिमणी, तेवढी राहिली होती. मावशींनी तिच्या कपाळाला हात लावला. घामाचा टिपूस नव्हता. बरी आहे वाटतं ही, असं क्षणभर वाटून त्यांचा जीव भांड्यात पडला. मग कळलं, की अंग चटका बसेल इतकं तापलं आहे. उचलायला गेल्या तर मान मागे लटकली. शेजारची भिंत उन्हाने नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी रसरसत होती.

"चिमणे! अगं चिमणे!"

चिमणीने डोळे उघडले नाहीत.

ओली चादर तिच्याभोवती गुंडाळून मावशी अनवाणीच रस्त्यावर आल्या. डॉक्टर कोपऱ्यावरच होते. एरवी तिथपर्यंत सावलीतून जाता यायचं, आज मात्र तिथे बुंधे होते आणि ऊन होतं. डांबराने तळवे भाजत होते, चादर हातातच सुकत चालली होती. हिच्या आईला काय तोंड दाखवू? ती दुकानात गल्ल्यावर बसली असेल, पोरगी सुखात झोपली आहे म्हणून निर्धास्त. देवा, माझं काय वाटेल ते कर, पण हिला काही होऊ देऊ नकोस. वाटेत कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं, पण त्या थांबल्या नाहीत.

डॉक्टरांनी काही न विचारता पोरीला पाण्याने भिजवलं, काखेत बर्फ लावला, सलाइन सुरू केलं.

"अजून थोडा वेळ तिथे राहिली असती तर..." ते म्हणाले आणि मावशींकडे बघून थांबले.

बऱ्याच वेळाने चिमणी बारीक, घोगऱ्या आवाजात रडली.  मावशी दवाखान्याच्या फरशीवर बसून ढसाढसा रडल्या.

निरोप मिळताच चिमणीची आई धावत आली. मावशींनी तिला खिडक्यांपासून भिंतीकडच्या जागेपर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती थोबाडीत मारेल, असंच त्यांना वाटत होतं. तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि कितीतरी वेळ ती नुसती तिचा श्वास बघत राहिली.

"हिला आता माझ्याकडे आणू नकोस गं," मावशी म्हणाल्या. "मला भीती वाटते. ती खोली आता पोरं ठेवायची राहिली नाही."

"मग कुठे ठेवू, मावशी?" आई हळूच म्हणाली. "आमच्या घरावर पत्रा आहे. गाड्या लावायला जागा हवी म्हणून त्यावरचं झाड पाडलं, तेव्हापासून दुपारी घरात उभं राहवत नाही. तिथे ही अशीच निपचित पडली होती एकदा. म्हणून तर तुमच्याकडे आणली. तुमच्याकडे गार होतं."



"कामाला नाही गेले तर काढून टाकतील मला," आई म्हणाली. "सकाळी आणू ना हिला?"



"आण," मावशी म्हणाल्या.