दुकान वाढवलं

मिस्त्रीने टेबलफॅनच्या जाळीचा शेवटचा स्क्रू पिळला, बटण दाबलं आणि कान देऊन ऐकलं. पंखा गुपचूप फिरत होता. पण तो न्यायला कुणी येणार नव्हतं. सकाळीच पंख्याच्या मालकीणबाईंच्या दारात नवाकोरा पंखा उतरला होता, हप्त्यावर. कोपऱ्यावरच्या नव्या बँकेने हप्ते इतके सोपे केले होते, की बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची कुणाला गरजच उरली नव्हती. गल्लीची भरभराट झाली, यात वादच नाही. मिस्त्रीच्या घरी मात्र महिनाभर चहा बिनदुधाचा होता.

बँकेचा पोरसवदा साहेब दुकानात डोकावला.

"काय काका, पुढचा काय विचार?"

मिस्त्री उगाचच पक्कड पुसत राहिला. वडिलांनी घातलेलं दुकान. 'बंद' हा शब्द त्यांनी दुकानात कधी उच्चारू दिला नाही. संध्याकाळी फळ्या लावायच्या झाल्या, तरी "चला, वाढवा आता" म्हणायचे.

"वाढवावं म्हणतोय दुकान," मिस्त्री म्हणाला. त्याने पक्कड पेटीत ठेवली.

"अरे वा! मग उद्या आमच्या कार्यक्रमाला यायचंच!"

निरोपाला बोलावतोय, असं मिस्त्रीला वाटलं. पोरगं माणुसकीचं निघालं.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून बँकेत गेला आणि दुकानाशेजारच्या म्हाताऱ्या शिंप्याजवळ बसला. साहेबाने माईक हातात घेतला.

"बाजारात पैसा खेळायला लागला, की गरीब माणूसही कसा वर येतो बघा! आपले मिस्त्रीकाका दुकान वाढवतायत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मिस्त्री खरं काय ते सांगायला उठला. सगळे कौतुकाने बघत होते. 'बंद' हा एक शब्द काही केल्या त्याच्या तोंडून फुटेना. शेवटी त्याने हात जोडले आणि खाली बसला. शिंप्याने टाळी वाजवली नाही. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

परतताना मिस्त्रीने दुकानाच्या फळ्या लावल्या आणि हत्यारांची पेटी उचलून घरी नेली.

"टाळ्या इथवर ऐकू आल्या," बायको म्हणाली. "कशाच्या हो?"

"दुकान वाढवलं म्हणून."

तिने पेटीकडे पाहिलं. मग खाली वाकून खाटेखालची भांडी एका बाजूला सरकवली.