तेजोमातेच्या फोटोची नजर

नवी पेठेतल्या त्या अरुंद जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वर तेजोमाता बायकांच्या चेहऱ्यावरची नजर उतरवत होती. राखाडी लेप फासून बोटांनी चोळलं, की गालांवरून काळे कण गळायचे.

"बघा, सात पिढ्यांची नजर!" माता गरजायची. बायका हात जोडायच्या. मग एका पिवळ्या स्पंजाने ती तो चेहरा पुसायची. त्याच स्पंजाने पुढचा. त्याच्या पुढचाही त्यानेच.

मी शिवलीला. सात रस्त्याजवळ माझं पार्लर आहे. एकीचा टॉवेल मी दुसरीला लावत नाही, चिमटे उकळल्याशिवाय हातात घेत नाही, म्हणून माझ्या बहिणीच्या मते मी लई नखऱ्याची. त्या दिवशी मी तिथं गेले ती भाचीसाठी. धनलक्ष्मीचं लग्न तोंडावर आलेलं आणि मातेच्या पहिल्या बैठकीनंतर पोरीचा गाल पुळ्यांनी सुजून लाल झालेला. अंगात ताप. तरी माझी बहीण दानम्माक्का लेकीला पुन्हा तिथंच घेऊन आली होती.

"अक्का, पू झालाय. डॉक्टरकडं चल."

"गप की गं! विष बाहेर पडतंय म्हनल्या माता."

आमच्या पुढच्या बाईची फुटलेली पुळी पुसून माता तोच स्पंज घेऊन धनलक्ष्मीकडे वळली. माझं डोकं सटकलं. मी तिचा हात धरला.

"आदी धुवा हे."

"धुतला की शक्ती वाहून जाती, पोरी. तुजीबी नजर काढू का?"

"माजी नको. तुमचीच काढते."

भिंतीवर मातेचा हार घातलेला फोटो होता. तो खाली घेतला, काच लख्ख पुसली, तिच्याच वाटीतला लेप फासला आणि चोळायला लागले. काळे कण भराभर गळाले.

"अगं बया, मातेलाच नजर लागली की!" रांगेतून आवाज आला आणि जिन्यापर्यंत हसू पसरलं.

"काचेला कसली नजर?" मी म्हणाले. "ह्या लेपातलं जेल चोळलं की त्याचेच कण होतात. कोळशाची पूड घातली की काळे दिसतात. आन् पुळ्या विषाच्या न्हाईत. एकीचा पू ह्या स्पंजातून दुसरीच्या गालावर जातोय."

"शाप लागंल तुला!"

"लागू दे. तुमी हात धुवा."

अक्का लेकीला घेऊन जिना उतरली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि उशीर केला असता तर डोळ्यावर बेतलं असतं, असं खडसावलं. गालावर एक डाग मात्र राहिला. त्याचा मला अजून राग येतो.

बायांनो, तुमच्या चेहऱ्याला हात लावणाऱ्याला विचारा. हात धुतले का? कपडा नवा आहे का? विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही, आणि होत असेल तर खुशाल होऊ द्या.

लग्नाच्या दिवशी मेकअपवालीने ब्रश काढला. "धुतलाय का?" धनलक्ष्मीने विचारलं. ती बाई फणकारली, "मुहूर्त टळंल, ताई!"

"धुऊन आणा," अक्का दारातून म्हणाली. "मुहूर्त थांबंल."