बर्फावरची सुट्टी

शारजा औद्योगिक क्षेत्रात गोपीनाथने एसीच्या डक्टचं वर्कशॉप उभं केलं आणि धाकट्या भावाला, रुपेशला, व्हिसा काढून बोलावून घेतलं. स्वतः मात्र कधी सुट्टी घेतली नाही. त्यामुळे २००३च्या डिसेंबरात रुपेशने स्वित्झर्लंडची दोन तिकिटं हातात ठेवली आणि मुलांना मी सांभाळतो म्हणाला, तेव्हा गिरिजाला भरून आलं. असा दीर मिळायला भाग्य लागतं, असं तिने फोनवर आईला सांगितलं.

दातेरी रुळांवरून गाडी डोंगर चढत होती. डब्यात स्की घेऊन निघालेली गोरी मंडळी, आणि काचेला कपाळ टेकवून बसलेली गिरिजा. मधल्या स्टेशनात गोपीनाथचा मोबाइल वाजला. त्याचा जुना फोरमन जहूर चाचरत बोलत होता. गेटवर नवा बोर्ड लागला होता. लायसन्स ज्याच्या नावावर होतं, त्या अरबाबाने, म्हणजे स्थानिक अरब मालकाने, रुपेशला पार्टनर करून घेतलं होतं. गोपीनाथचं नाव कुठेच नव्हतं.

"जल्दी आ जाओ, भाई," जहूर म्हणाला. मग थांबून, "वैसे, आके भी क्या करोगे."

कोणाचा फोन, असं गिरिजाने विचारलं. वर्कशॉपमधून, एवढंच तो म्हणाला.

वर लख्ख ऊन होतं. गिरिजा स्कीवरून दोनदा आपटली आणि बसल्या जागी हसत सुटली. तिने त्यालाही स्की बांधायला लावल्या. तो जरासा घसरला, तोंडावर पडला आणि तसाच पडून राहिला. तो नाटक करतोय असं वाटून तिने फोटो काढला.

उतरताना गाडीत त्याने सगळं सांगितलं.

"मी हसत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही नुसते बघत होतात."

विमानतळावर रुपेशच घ्यायला आला. बॅगा त्यानेच उचलल्या. गाडीत त्याने समजावलं, की आता मोठी टेंडरं येतायत, अरबाबाला इंग्रजी बोलणारा माणूस हवा होता.

"दादा, तुला पगारावर ठेवतोच आहे. वहिनींचा व्हिसाही तसाच राहील."

"गाडी थांबवा, भावजी," मागून गिरिजा म्हणाली.

रुपेशने गाडी कडेला घेतली. ती उतरली, लोकरी कोट अंगात तसाच. गोपीनाथ जागचा हलला नाही. मुलांची शाळा, घराचं भाडं, सगळं वर्कशॉपच्या त्या एका व्हिसावर होतं.

"बस गं," तो म्हणाला. "कुठे जाणार आहोत?"

ती थोडा वेळ उभी राहिली, मग आत बसली.

शनिवारी तो कामावर गेला. रुपेशने त्याचं टेबल केबिनमधून काढून पत्रे कापायच्या मशीनशेजारी लावलं होतं.