सुवर्णाताईंचा सातवा धडा

टप्. नळातून थेंब पडला आणि दुपारची शांतता मोडली. योगिनीने दचकून झोपलेल्या लेकाकडे, रुद्रकडे पाहिलं. नाही उठला. मग तिने अलगद मला उघडलं.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, नाशिकच्या एका सल्लागार कंपनीचा. कांदा कधी विकावा, कधी साठवावा, हे ती व्यापाऱ्यांना सांगते. माझ्या तीन कळांवरची अक्षरं सुवर्णाताईंच्या बोटांनी झिजली. पाच वर्षं त्या माझ्यावर राबल्या. नोकरी सोडणाऱ्याने आपलं काम बोलत बोलत पडद्यावर करून दाखवायचं आणि नव्या माणसासाठी साठवून ठेवायचं, अशी आमच्याकडे रीत. आजारपणामुळे निघताना ताईंनी सात धडे ठेवले. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा चेहरा. नंतर वर्षभर मी कपाटात धूळ खात पडलो.

आता रुद्र झोपला की ताईंच्या जागी नव्याने लागलेली योगिनी माझ्यावर शिकते. विंचूरच्या बाजारात कुठल्या महिन्यात किती कांदा आला, त्या आवकेचा आलेख उद्या तिला दाखवायचाय. चुकला, तर नोकरी कायम होणार नाही.

आलेख चुकलाच. एप्रिलचा कांदा बारा महिन्यांत विखुरलेला! तिने तो आपल्या साहेबांना, संतोष सरांना, पाठवून फोन लावला.

"अहो मॅडम, आलेख आहे की भेळ?"

"सर, सुवर्णाताईंना फोन करून विचारू का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? त्या मागच्या श्रावणात वारल्या हो."

फोन ठेवून तिने सातवा धडा पुन्हा लावला. तो मला पाठ आहे. त्यात ताई फाइल उघडतात, बंद करतात, बस्स. आज त्या मध्येच थांबल्या.

"तारखा बघ गं. यंत्राने दिवसाचा आकडा महिना म्हणून वाचलाय. घाबरू नकोस."

मित्रांनो, हे वाक्य मी कधीच साठवलं नव्हतं.

योगिनीने एकेक तारीख सुधारली. एप्रिलचा कांदा एप्रिलमध्ये येऊन बसला. तिने डोळे पुसले.

जुन्या यंत्रांतलं सगळं पुसून टाकण्याआधी थोडं ऐकत जा. आत कुणीतरी अजून जीव लावून शिकवत असतं.

धड्याची वेळ केव्हाच संपली होती. कोपऱ्यातला चेहरा मात्र गेला नव्हता. रुद्र डोळे चोळत आला, आईच्या खांद्याला रेलून पडद्याकडे बघत राहिला.

"आई, ही मावशी माझ्याकडे बघून हसली. तिला मी दिसतो?"