डाळिंबी रंगाची भरपाई

इनायत रंगरेजाला आयुष्यात दोनच माणसांची धास्ती होती, एक पोलीस आणि दुसरा वकील. पोलिसाशी त्याचा कधी संबंध आला नाही. वकिलाच्या ओसरीवर मात्र तो आपल्या पायांनी चालत आला होता. समोर बसलेले रंगनाथराव वकील जे सांगत होते, त्यातलं अर्धं त्याच्या डोक्यावरून जात होतं. उरलेलं अर्धं डोक्यात शिरत होतं, आणि तेच जास्त छळत होतं.

झालं होतं असं. छत्तीस सालच्या भाद्रपदात इनायतला हिवताप आला. भद्रकालीच्या बाजूला त्याचं कपडे रंगवायचं दुकान होतं आणि गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर मायदेवांचा दवाखाना. डॉक्टरांनी सकाळी क्विनाइनची सुई टोचली. तापाची साथ, दारात रोग्यांची रीघ, त्या धांदलीत सकाळचं विसरून त्यांनी संध्याकाळी पुन्हा तेवढीच सुई टोचली. इनायतच्या कानांत घणघण सुरू झाली आणि डोळ्यांपुढे काळोख पसरला. पुढे हळूहळू नजर आली, माणसं दिसायला लागली, निळं-पिवळंही दिसायला लागलं. लाल आणि हिरवा हे दोन रंग मात्र परतले नाहीत. दोन्ही त्याला सारखेच दिसत, गढूळ पाण्यासारखे. आचाऱ्याची जीभ गेली तर तो काय करील, तसा प्रकार.

ही गोष्ट गल्लीत कुणाला कळली नाही, आणि त्याचं श्रेय त्याच्या बायकोचं, जैतुनबीचं. दुकानाच्या मागच्या अंगाला रंगाचे हंडे होते, मध्ये गोणपाटाचा पडदा. गिऱ्हाईक रंगाचा नमुना म्हणून चिंधी पुढे करी. इनायत ती हातात घेऊन उलटीसुलटी करी, उजेडाकडे धरी, अगदी पूर्वीसारखा. तेवढ्यात पडद्यामागून आवाज येई, "डाळिंबीचा हंडा चढवू का?" किंवा "पोपटीला पाणी ठेवू का?" मग इनायत वैतागल्यासारखा म्हणे, "चढव की. विचारतेस काय?" गिऱ्हाइकांना वाटे, बाई फार बडबडी आहे. बिचारी लग्नापासून कुणाशी मोठ्याने बोलली नव्हती.

पण एका माणसाच्या डोळ्यांनी दोघं किती दिवस बघणार? स्वयंपाक सोडून ती दिवसभर पडद्याशी उभी राहायची. एकदा ती विहिरीवर गेली असताना इनायतने एका नवरीचा शालू पार बिघडवला आणि रंगाचा डबाच खराब निघाला म्हणून कशीबशी वेळ मारून नेली. त्या दिवशी जैतुनबी म्हणाली, आता पुरे. डॉक्टरकडून भरपाई घ्या आणि कोळशाची वखार टाका. कोळशाला रंग एकच असतो.

म्हणून तो वकिलाकडे आला होता. रंगनाथराव बोटांवर मोजत समजावीत होते. भरपाई म्हणजे एक रक्कम नव्हे बाबा, तिचे प्रकार असतात. औषधपाण्याला लागलं ते एक. आजारात काम बुडालं ते दुसरं. पुढे जन्मभर बुडेल ते तिसरं, आणि वखार निघायची तर त्यातूनच निघायची. सोसलं त्याचं चौथं, पण ते कोर्टाच्या गळी उतरवणं कठीण.

इनायतने बराच विचार केला आणि विचारलं की त्र्यंबकच्या वाटेवर पळस फुललाय की नाही हे त्याला कळत नाही, तर ते कशात धरायचं? रंगनाथरावांनी चष्मा पुसला. पळसाचं काही धरता येणार नाही, ते म्हणाले. आणि हे बघ, तिसरी भरपाई हवी तर चारचौघांत कबूल करावं लागेल की तुला रंग ओळखता येत नाहीत.

"मग माझ्याकडं कपडे कोण देईल?"

"कोणी नाही. म्हणून तर भरपाई."

"म्हणजे नुकसान भरून मिळायला आधी नुकसान करून घ्यायचं?"

कायदा साधारण तसाच आहे, असं रंगनाथरावांनी मान्य केलं. इनायत घरी गेला तो भिंतीला हात लावत, जणू आता उरलेली नजरही गेली.

रंगनाथरावांची नोटीस गेली. डॉक्टर मायदेव वाईट माणूस नव्हते. त्यांना कोर्ट नको होतं आणि दवाखान्याची बदनामी तर त्याहून नको होती. त्यांनीच तोड सुचवली. दोघांच्या विश्वासाचा एक जाणता माणूस बोलवा, त्याने कापडं दाखवावीत. इनायतचे रंग खरंच गेले असतील तर वकील म्हणतील ते देईन. जाणता माणूस म्हणजे खंडेराव पागोटेवाले. सिन्नर-चांदवडच्या बाजारांत पागोटी विकणारा हा व्यापारी इनायतचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता. त्याची पागोटी इनायतच्या बापाच्या वेळेपासून याच दुकानात रंगत होती. आता गंमत बघा, ज्याच्यापासून हे सगळं लपवायचं, त्याच्यासमोरच ते उघडं करायचं.

रविवारी रंगनाथरावांच्या ओसरीवर मंडळी बसली. जैतुनबी आतल्या खोलीत वकिलीणबाईंजवळ, दाराच्या चिकाच्या पडद्याआड बसली. दिसेल ते खरं सांगायचं, एवढंच काम आहे, असं इनायत वाटभर स्वतःला बजावत आला होता.

खंडेरावांनी पहिलं कापड पुढे केलं. इनायत म्हणाला, "अस्मानी." बरोबर होतं. दुसरं केलं. "हळदी." तेही बरोबर होतं. डॉक्टरांचा चेहरा खुलायला लागला आणि रंगनाथराव जागच्या जागी चुळबुळले. मग खंडेरावांनी घडीतून एक पागोट्याचं कापड काढलं आणि कौतुकाने त्याच्या मांडीवर ठेवलं. इनायतला ते गढूळ दिसलं. लाल असेल, हिरवंही असेल.

आता फक्त म्हणायचं होतं, "कळत नाही." दोन शब्द आणि वखार. पण खंडेराव त्याच्याकडे असे बघत होते की जणू परीक्षा त्यांचीच आहे आणि उत्तर येणारच. इनायतला शरम वाटली, इतकी की उठून पळावंसं वाटलं. त्याने कापड उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडे धरलं.

आणि आतून आवाज आला, "डाळिंबीचा हंडा चढवू का?"

वकिलाच्या घरात कुठला आलाय हंडा? जैतुनबीने तोंडावर हात दाबला, पण बाण सुटून गेला होता. नवरा कापड उजेडाकडे धरून गप्प राहिला की तिच्या तोंडून हे निघायचंच. खंडेराव आधी हसले. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. किती खेपा हाच आवाज आपण पडद्यामागून ऐकला, ते त्यांना आठवत असावं. त्यांनी इनायतच्या हातातलं कापड अलगद काढून घेतलं आणि घडी केली.

रंगनाथरावांना तर घबाड सापडलं. बघा, याला रंग दिसत नाहीत, बायको सांगते. डॉक्टरांनी मान खाली घालून ते मान्य केलं. इनायतला वाटलं, सुटलो. पण डॉक्टरांनी संकोचतच विचारलं, "मग काम बुडालं कुठे? रंग तर बरोबरच येताहेत." रंगनाथराव म्हणाले, ते बायकोच्या डोळ्यांनी. त्यावर डॉक्टर म्हणाले की बायकोचे डोळे शाबूत आहेत, तिला काही त्यांनी सुई टोचलेली नाही. आणि जैतुनबी सकाळपासून रात्रीपर्यंत पडद्याशी उभी राहते, ते कोणत्या प्रकारात बसतं, हे रंगनाथरावांनाही सांगता येईना. शेवटी त्यांनी खंडेरावांना गाठलं. आता सगळं कळल्यावर तुम्ही याला काम देणार का, तेवढं सांगा.

इनायतची अवस्था काय सांगावी. खंडेराव नाही म्हणाले तर वखार मिळते आणि बापाचं नाव जातं. हो म्हणाले तर नाव राहतं आणि वखार जाते. काय मागावं हेच त्याला कळेना, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

खंडेराव गहिवरून म्हणाले, "माझी पागोटी इनायतभाईच्याच हंड्यात बुडणार. मी जिवंत आहे तोवर दुसरीकडं जाणार नाही."

रंगनाथरावांनी कपाळावर हात मारला. पुढचं काम बुडणार नाही असं खुद्द गिऱ्हाईकच सांगतंय, तर भरपाई कसली? आजारात बुडालेल्या दिवसांचा हिशेब नव्हता, सोसल्याला पुरावा नव्हता. उरला तो पहिला प्रकार. डॉक्टरांनी औषधपाण्याचे पैसे परत केले, म्हणजे ज्या सुयांनी रंग गेले त्या सुयांची किंमत. वर इनायतचा हात हातात घेऊन म्हणाले की यापुढे ताप आला तर फुकट बघीन.

घरी जाताना जैतुनबी म्हणाली, "माझंच चुकलं. तुम्ही कापड हातात धरून गप्प राहिलात ते मला बघवलं नाही." इनायत म्हणाला की चुकलं नाही, उलट जिंकलो, खंडेरावांनी मान राखला. थोडं चालून म्हणाला की नाही, बहुतेक हरलोच. गल्ली आली तरी त्याचा निकाल लागला नव्हता.

आठवड्याने खंडेराव शब्दाला जागून पागोट्यांचं गाठोडं घेऊन आले. इनायत लगबगीने उठला, गादी झटकली, पाणी विचारलं. खंडेराव प्रेमाने बोलले. मग त्यांनी खिशातून नमुन्याची चिंधी काढली. इनायतने हात पुढे केला.

खंडेराव त्याच्या बाजूने पुढे गेले आणि चिंधी पडद्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "वहिनी, हा कोणता म्हणायचा?"

इनायतचा हात तसाच पुढे होता. मग जैतुनबी आतून हलकेच म्हणाली, "त्यांना दाखवा. ते सांगतील."